गयाबाईंच्या खांद्याची शाल

तिसऱ्यांदा शाल घसरली तेव्हा गयाबाईंनी ती उचलली नाही. खुर्चीवर बसून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. वर्गातल्या मुलींच्या सुया थांबल्या.

"बाई, ऱ्हाऊ द्या आता," त्या म्हणाल्या. "साहेबाला सांगा, नारळ तेवढा घरी धाडा."

ही सत्तरच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. मी तेव्हा वसमतला महिलांचा सरकारी विणकाम वर्ग चालवत होते. गयाबाई कुरुंद्याच्या दाई. आसपासच्या वस्त्यांवरची कितीतरी लेकरं त्यांच्या हातावर जन्मलेली. आता तिथे नवीन नर्सबाई येणार होती आणि गयाबाईंचं काम थांबणार होतं, म्हणून जानेवारीत सत्कार ठरला. आमच्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "शाल बाजारची नको. आपल्या वर्गाचं काम दिसलं पाहिजे."

अडचण खांद्याची होती. एका बाळंतपणाला जाताना बैलगाडी उलटली आणि गयाबाईंचा डावा खांदा कायमचा उतरला. उजवा वर आणि सपाट, डावा खाली आणि उतरता. आदल्या वर्षी एका कार्यक्रमात पाहुण्यांनी त्यांच्या अंगावर घातलेली शाल टाळ्या चालू असतानाच पायाशी पडली. लोक हसले.

"हसणाऱ्या दोघींचं बाळंतपण म्याच केलेलं," गयाबाईंनी मला सांगितलं होतं. पुन्हा स्टेजवर जायचं नाही, हे त्यांनी तेव्हाच ठरवलं होतं. मी प्रयत्न करते म्हटलं, म्हणून मापाला तेवढ्या आल्या होत्या.

साहेबांचा उपाय सोपा होता. "एक सेफ्टी पिन लावा. विषय संपला."

मी गयाबाईंना विचारून बघितलं. त्या म्हणाल्या, "पिन निघाली तर? अन् न्हाई निघाली तरी, सत्काराची शाल अंगाला टाचून घ्यू का मी?"

म्हणून मी शालीलाच आकार द्यायचं ठरवलं. विणकामात याला शॉर्ट रो म्हणतात. आमच्या मुलींनी त्याचं नाव 'अर्ध्यातून वापस' ठेवलं होतं आणि ते जास्त बरोबर होतं. नेहमी ओळ एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत विणतात. इथे मध्येच थांबायचं, काम उलटं फिरवायचं आणि निघालो त्या कडेला परत यायचं. पुढच्या खेपेला थोडं अलीकडून वळायचं. अशा काही ओळी झाल्या की विणकामात एक पाचर तयार होते. तिची एक बाजू रुंद, दुसरी निमुळती. शाल आडवी विणायची आणि पाचरीची निमुळती बाजू मानेकडे ठेवायची. मग शाल सरळ पट्टीसारखी न राहता गोलाई घेते आणि खांद्यावर बसते. वळतो तिथे भोक पडतं. ते पडू नये म्हणून पुढच्या टाक्याला लोकरीचा एक वेढा द्यायचा.

मंजूर झालेली लोकर पांढरी होती आणि एका शालीपुरतीच होती. नमुने विणायला मी वर्गातली उरलेली लोकर घेतली. बाकीचं अंग निळं आणि पाचरी हळदीच्या पिवळ्या. रंग वेगळा घेतला तो फक्त मोजायला सोपं जावं म्हणून.

पहिल्या नमुन्यात दोन्ही खांद्यांना सारख्या पाचरी घातल्या. पडला. दुसऱ्यात डावीकडे दोन वाढवल्या. खांदा जिथे कमी आहे तिथे भर घालावी, असा माझा हिशेब. तोही पडला. तिसऱ्यात डावीकडे आणखी दोन घातल्या, आणि तो पडला तेव्हाच गयाबाई नारळाचं बोलल्या.

मी शाल उचलायला वाकले. त्यांनी ती माझ्या आधी उचलली, मांडीवर पसरली आणि पोटावर हात ठेवून लेकराचं डोकं कुठं आहे ते बघावं, तशी चाचपली.

"या बाजूला काहून एवढं घातलं?"

"खांदा उतरता आहे ना, म्हणून."

"उतारावर कुठं वझं ठरतं का, बाई? झालर लोंबून राहिली अन् तीच सगळं खाली वढती. बसायला जागा इकडं हाय." त्यांनी उजव्या खांद्यावर थाप मारली.

मी टेप काढून पुन्हा माप घेतलं. सपाट खांद्याला गोलाई जास्त लागते, उतरत्याला कमी. डिप्लोमाला मी हे कागदावर शिकले होते. पण समोर गयाबाई बसल्या आणि माझं लक्ष फक्त जे मोडलं होतं तिकडेच गेलं. धड खांदा मी मोजलाच नव्हता. याचं मला वाईट वाटलं.

चौथ्या नमुन्यात उजवीकडे सहा पाचरी घातल्या, डावीकडे दोन. गयाबाई उठल्या, चालल्या, वाकून त्यांनी जमिनीवरची पिशवी उचलली. शाल जागची हलली नाही.

"आता हीच पांढऱ्यात विणते," मी म्हटलं. "पाचरी दिसणार पण नाहीत."

"काहून दिसू न्हाई?"

मी पांढऱ्या लोकरीचा गुंडा पुढे केला.

"हेच रंग ठिवा," त्या म्हणाल्या. "माझ्या मापाची हाय, दिसू द्या की."

साहेब तयार नव्हते. एकीकडे सहा पट्टे, दुसरीकडे दोन, लोक म्हणतील शाल चुकली. मी म्हटलं, "साहेब, शाल बरोबर आहे की चूक, हे गयाबाईंनी आधीच सांगितलंय." त्यांनी नमुन्यावरचे पट्टे पुन्हा मोजले. मग म्हणाले, "बघा. पडली तर जबाबदारी तुमची."

पहिले तीन नमुने उसवून मी त्याच रंगांत, चौथ्याच्या मापाची नवी शाल विणली. सत्काराच्या दिवशी मी मागच्या रांगेत बसले होते. पाहुण्यांनी शाल घातली. गयाबाईंनी माईक हातात घेतला. दोन वाक्यं बोलतील असं वाटलं होतं. त्या बराच वेळ बोलल्या. कुठल्या वस्तीवर रस्ता नाही, कुठे कंदील धरायला माणूस मिळत नाही, नवीन नर्सबाईला रात्री सोबत कोण देणार, सगळं नावानिशी. साहेबांनी दोनदा घड्याळाकडे बघितलं. बोलताना गयाबाई उजवा हात भरपूर हलवत होत्या. मी शालीकडे बघायचं विसरून गेले.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी बोलावलं. "लोकांना आवडली. त्याच नमुन्याच्या बारा करा, पुढच्या कार्यक्रमांना लागतील."

मी चौथा नमुना सोबत नेला होता. तो त्यांच्या खांद्यावर ठेवला. ते फाइल घ्यायला वाकले आणि तो टेबलावर पडला.

"ही तर पडते."

"तुमचे दोन्ही खांदे सारखे आहेत, साहेब."

त्यांनी फाइलवर शेरा लिहिला, 'नमुना उत्पादनास योग्य नाही.' शेरा बरोबर होता. मी खाली सही केली.

वर्गात मात्र एक बदल केला. नवीन मुलींना पहिले पंधरा दिवस मी सुई देत नसे. नुसती टेप द्यायची आणि एकमेकींची मापं घ्यायला लावायची, दोन्ही बाजूंची वेगवेगळी. मुली कंटाळायच्या. दोघी-तिघी तर वर्ग सोडून गेल्या. पण राहिल्या त्यांना एवढं कळलं, की दोन्ही खांदे अगदी सारखे असलेलं माणूस क्वचितच सापडतं.