कोण कुणाशेजारी जेवतं

अक्का गेल्याची बातमी तिच्या कॉलेजच्या शिपायाने आणली. शाळेला सुट्टी लागली होती, मी चिकपेटातल्या घराच्या पायरीवर वर्तमानपत्र वाचत होतो. सायकल भिंतीला टेकवून तो म्हणाला, "मॅडम शिकवता शिकवता खुर्चीत बसल्या... त्या उठल्याच नाहीत." त्याला आता सहा आठवडे झाले.

शारदाअक्का माझी थोरली बहीण. मुलींच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवायची. खेड्यापाड्यांतून मुली नुकत्या कुठे शिकायला येऊ लागल्या होत्या. कॉलेजात आल्यावर त्या स्वतःला कोण समजतात, हा तिच्या प्रबंधाचा विषय. "यात शोधायचं काय, अक्का?" मी विचारायचो. "स्वल्प थांब, तम्मा," धाकट्या भावाला कानडीत मारतात तशी हाक मारून ती म्हणायची, "जेवणाच्या सुट्टीत कोण कुणाशेजारी बसतं, एवढं आधी बघू दे." दोन वर्षं ती व्हरांड्यात वही घेऊन बसली. तमिळ मुली एकीकडे, कानडी दुसरीकडे, आणि त्यांच्यातही जातीजातींची वेगळी कोंडाळी.

निंगम्मा मात्र कुठेच दिसायची नाही. कोलारकडच्या एका गावकुसाबाहेरच्या वस्तीतली, घरात पहिलीच शिकणारी. प्रयोगशाळेमागच्या जिन्यात एकटीच रागीचा, म्हणजे नाचणीचा, गोळा खाताना ती अक्काला सापडली. "कुणी हाकललं का तुला?" अक्काने विचारलं. "नाही, मॅडम. मी बसले की बाकीच्यांचे डबे सरकतात, एवढंच." मग तिनेच विचारलं, "तुम्ही कुणाबरोबर जेवता?"

अक्काने वही मिटली. स्टाफरूममध्ये तीही वर्षानुवर्षं आपल्याच जातीतल्या दोघींबरोबर जेवत होती. वहीत सगळ्यांच्या नोंदी होत्या, तिची स्वतःची नव्हती. दुसऱ्या दिवसापासून ती डबा घेऊन जिन्यात जाऊ लागली. स्टाफरूममध्ये कुजबुज झाली. घरी आईने महिनाभर अबोला धरला. अक्काने हे सगळं प्रबंधात लिहिलं, स्वतःच्या डब्यासकट.

मार्गदर्शक म्हणाले, "बाई, हे संशोधन नव्हे, कबुलीजबाब आहे. एवढं प्रकरण काढा, आज सही करतो."

"ते काढलं तर उरलेलं खोटं ठरेल, सर."

सही झाली नाही. चार वर्षं गेली. प्रबंध अडकल्यामुळे विभागप्रमुखाची जागा तिच्याच एका जुन्या विद्यार्थिनीला मिळाली. "एका प्रकरणापायी?" म्हणून मी तिच्यावर चिडलो, तर ती पेपर तपासत राहिली. पुढे मार्गदर्शक बदलले आणि तोच प्रबंध, एकही ओळ न बदलता, मान्य झाला. निंगम्मा आता तुमकूरला शिक्षिका आहे.

अक्काची एक सवय मात्र मी कधी मनावर घेतली नव्हती. नवी मुलगी समोर आली की ती हजेरीच्या वहीतलं नाव वाचायची नाही. "तुला काय म्हणून हाक मारू?" असं विचारायची. मीही हायस्कुलात मास्तर. पटावर नावापुढे जात लिहिलेली असते. इतकी वर्षं ती वाचूनच मी मुलांकडे बघत आलो.

परवा शाळा सुरू झाली. पट मिटून मी अक्काचा प्रश्न विचारला. मुलं बुजली, काही हसली. शेवटच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, उद्या सांगितलं तर चालेल?"

"चालेल," मी म्हणालो.