दुसऱ्या हाताने आखलेले डोळे

पेणला आमचा गणपतीचा कारखाना आहे. माती, साचे, रंग बाकीचे बघतात. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी मात्र तीस वर्षं मीच करत आले. एकदा मी जेवायला गेलेली असताना धाकट्या जावेने पाच मूर्तींचे डोळे आखून ठेवले. मी आल्याबरोबर सगळ्यांसमोर ते रंगाने बुजवले आणि पुन्हा आखले. वाईट होते म्हणून नव्हे, माझ्या हातचे नव्हते म्हणून. तेव्हापासून आठ वर्षं बिचारी नुसते दागिने रंगवत होती.

लोक मला कष्टाळू म्हणायचे आणि मी फुशारून जायची. कसले कष्ट नि कसलं काय! माझा स्वभावच हेकट आणि संशयी. आपल्यावाचून कुणाचं अडलं नाही तर, याचीच धास्ती. तापातसुद्धा उठून कामाला बसायची आणि वर घरच्यांवर करवादायची, की मला कुणी विश्रांती देत नाही.

लेकीने मात्र मला बरोबर ओळखलं होतं. ती रोह्याला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आमची रीत, पण ती म्हणाली, "मी नाय येत पेणला. सिझनमध्ये तू मूर्तींपाशी असशील. इथं सासू तरी जवळ हाय." आळीत माझी शोभा झाली ती झालीच, पण तिचं म्हणणं खरं होतं, ते जास्त लागलं.

गणपतीला पंधरा दिवस उरले असताना रोह्याजवळच्या धाटावच्या कंपनीतून जावयाचा फोन आला, की तिला दवाखान्यात नेतायत. माझ्यापुढे साठ मूर्ती डोळ्यांविना उभ्या. हातातला ब्रश सुटेना. जाऊ म्हणाली, "तू जा गो ताई. मी हाय ना." खरं सांगते, मनात आलं ते एवढंच, की ही सगळं बिघडवून ठेवणार. तरी ब्रश तिला दिला आणि एसटी पकडली.

वाटेत गडब गावाला गाडी थांबली तेव्हा उतरून परत फिरावंसं वाटलं. नागोठण्यापर्यंत तीनदा फोन केला. चौथ्या वेळी जाऊ म्हणाली, "ताई, आता ब्रश धरू की फोन?" मग फोन पिशवीत टाकला.

दवाखान्यात कळा सोसतानाच लेकीने विचारलं, "परत कधी जायचंय?"

"बारसं झाल्यावर," मी म्हटलं. तिला ते पटलं नाही. मुलगी झाली, घरी आणली, तरी बाळाला माझ्यापाशी सोडून ती डोळा मिटायची नाही. मी कधी उठून जाईन याचा तिला भरवसा नव्हता.

पाचव्या दिवशी जावेचा फोन आला. सगळ्या मूर्ती आखून झाल्या, गिऱ्हाइकं न्यायलाही लागली, कुणी काही बोललं नाही. आधी मला रागच आला. कुणाला जमणार नाही म्हणून जे जन्मभर उरावर घेतलं, ते हिने पाच दिवसांत हातावेगळं केलं होतं. आणि मग एकदम फार हलकं वाटलं. "मी तुझ्याशी फार वाईट वागले गो," मी म्हटलं.

"व्हय, वागलीस. आता पोरीकडं बघ," ती म्हणाली.

लेक दारातून ऐकत होती. तिने बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. बाळ दोनदा रडलं, पण ती उठली नाही.