अडवणारी भाषा

क्वालिटी रूमच्या मॅडम नसत्या, तर मी आज सातपूरच्या या कारखान्यात परत मशीनवर उभा असतो, नाहीतर गडचिरोलीकडे घरी. प्रोग्रामिंग त्यांना येत नाही. पण त्यातली भाषा कशी निवडायची, ते मला त्यांनीच शिकवलं.

मी नववीत शाळा सोडलेली. मशीनवर उभं राहून पिना मोजायच्या, मापं रजिस्टरात लिहायची, हे माझं काम. मोबाईलवर बघून बघून थोडं प्रोग्रामिंग जमू लागलं, तेव्हा मॅडमनी साहेबांकडे शब्द टाकला. ठरलं असं की महिन्याभरात मी रजिस्टर कम्प्युटरवर आणलं तर आत क्वालिटी रूममध्ये कायम, नाहीतर परत मशीनवर.

त्या महिन्यात मी तीन भाषा बदलल्या. एका व्हिडिओत म्हणायचे हीच शिका, दुसऱ्यात सांगायचे ती संपली. जीव थाऱ्यावर नव्हता. शेवटी जावास्क्रिप्ट धरली. ब्राउझरमध्ये चालते, काही बसवावं लागत नाही, चुकलं तरी फारशी कुरकुर करत नाही. तेच मला आवडलं होतं!

पंचवीस मिलिमीटरच्या शाफ्टवर आठ दिवस नीट गेले. मग दहाच्या पिना आल्या. कमीत कमी ९.९८, जास्तीत जास्त १०.०५. माप १०.०२, आणि स्क्रीन लाल. चांगला माल रिजेक्टच्या पेटीत पडत राहिला. मशीनवरचे दादा तरातरा आत आले.

"काय रे भाऊ, लय हुशार हाय तुझं कम्प्युटर! दहाची पिन नवापेक्षा बारीक? तेबी नववीतूनच पळालं का?"

सगळे हसले. मीही हसलो आणि प्रोग्राम उघडून बसलो. शोधलं तर कळलं, भाषा आकडे अक्षरांसारखे ताडून बघत होती. एक हा नऊच्या आधी येतो, म्हणून १०.०२ लहान. आणि इतका वेळ ती एका शब्दाने बोलली नव्हती.

मॅडम रागावल्या नाहीत. टेबलावरचं गेज माझ्या हातात दिलं. "हे कशासाठी असतं?"

"चुकीचा माल अडवायला."

"मग भाषा घेताना सोपी कोणती तेच का बघितलंस? तुला कशाकशाची धास्ती वाटते ते आधी लिही. तिथे अडवेल ती घे."

धास्तीच्या बाबतीत मी कमी पडणारा नव्हतो. पान भरलं. माप अक्षर म्हणून घुसू नये. जुन्या कम्प्युटरवर चालावं. स्क्रीनवरचं दादांना मराठीत वाचता यावं. जावा घेतली; नाव जावास्क्रिप्टसारखं, पण भाषा वेगळी. एका ओळीच्या जागी पाच लिहाव्या लागल्या, पण तीच चूक मुद्दाम करून पाहिली, तर प्रोग्राम सुरूच होईना. एररची लाल रेघ बघून इतकं हायसं मला कधी वाटलं नव्हतं.

महिना संपायला चार दिवस होते. जेमतेम झालं. साहेबांनी ठेवलं.

तरी भीती जात नाही. मॅडमचीही गेली नसावी, कारण सुट्टी झाल्यावर त्या थांबून दहा पिना स्वतः मोजतात आणि माझ्या स्क्रीनशी पडताळतात. "तुझ्यावर विश्वास आहे रे, माझी सवय आहे," म्हणतात. त्यात त्यांची पाचची बस रोज चुकते.

मॅडम, एक दिवस माझं काम इतकं पक्कं करीन की तुम्ही न मोजता निघाल. ती पाचची बस मी तुम्हाला मिळवून देणार आहे.