सुतारकाकांचा दशांश

सुतारकाका तोंडाचे फटकळ. कपाटाला उशीर झाला म्हणून कुणी कुरकुर केली, तर म्हणायचे, "मग कपडे उशाला घेऊन झोपा!" पण चर्चमधल्या कुणाचं लहान मूल गेलं, की त्याची शवपेटी ते फुकट करून द्यायचे, तीही उरल्यासुरल्या फळ्यांची नाही, दुकानातल्या सगळ्यात चांगल्या लाकडाची. हाच त्यांचा देवाला दिलेला दशांश, कमाईतला दहावा वाटा. आईबाप पैसे पुढे करू लागले, की म्हणायचे, "ठेवा ते. लाकूड काय, लेकरू काय, सगळं देवाचंच. आपण नुसते राखणदार."

मग त्यांची स्वतःचीच नात तापानं गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तिच्या पेटीसाठी फळी बाकावर घेतली, पण रंधा काही केल्या सरळ चालेना. तेवढ्यात इस्त्रीवाली दारात आली. तिच्या मुलाची पेटी मागे काकांनीच केली होती.

"ये," काका डाफरले. "आता माझंच वाक्य मला ऐकव. म्हण, आपण नुसते राखणदार."

"नाही काका. तुम्ही म्हणालात तेव्हा मी मान डोलावली, पण ते मला अजून पटलेलं नाही."

रंधा थांबला. इतक्या वर्षांत हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं.

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"पेटी फुकट होती ना, काका," ती म्हणाली, आणि तिनं फळीचं दुसरं टोक घट्ट धरलं.