पूर्ण पाहा, मग बोला

आमच्या कुमुदताई वकील. कोर्टात उभं राहण्याआधी प्रत्येक केस त्या मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगच्या जिन्यावर चालवायच्या. मेथी निवडत बसलेल्या बायका म्हणजे न्यायाधीश! "इथं पटलं की हायकोर्टात पटतं. तुम्ही कंटाळलात तर उठून जाता, जज बिचारे जाणार कुठे?" असं म्हणून खो खो हसायच्या.

माझीही केस जिन्यावर चालली. बाळाला अंगावर कसं पाजावं, यावर मी पंधरा मिनिटांची फिल्म केली होती. कुर्ल्याची शेवंता आपलं तान्हं घेऊन त्यात बसली होती. सरकारी टीव्हीच्या साहेबांनी ती 'अश्लील' म्हणून नाकारली. मी नुसती चिडले. शेवंताची मात्र वाट लागली. 'अश्लील' फिल्ममधली बाई म्हणून चाळभर बभ्रा झाला, सासूनं बोलणं टाकलं. "ताई, मी काय वाईट केलं ओ?" ती रडत विचारायची. मला फार वाईट वाटायचं.

कुमुदताई तडकल्याच. "नाकारायचा अधिकार असेल सरकारला. पण तो कसा वापरला, ते कोर्ट विचारणारच!"

जिन्यावर तळमजल्याच्या काकूंनी विचारलं, "पण त्या साहेबानं पूर्ण बघितली का गं?"

"काकू, झकास! हाच आपला मुद्दा."

हायकोर्टात व्हीसीआर लावला. सरकारी वकील टेप पळवून 'तेवढाच' भाग दाखवू लागले. ताई उठल्या. "माय लॉर्ड, आमटीतली मिरची तेवढी चावून स्वयंपाकाला नावं ठेवू नयेत. पहिल्यापासून बघू या." जज हसले, पण पूर्ण बघितली. मग म्हणाले, "नाकारणाऱ्यांनी एवढी पाहिली होती का?" सरकारी वकिलांना कागद चाळून 'नाही' म्हणावं लागलं. हुकूम रद्द झाला. पूर्ण पाहून, कारणं देऊन नव्यानं ठरवा, असं कोर्टानं बजावलं.

मी आवारातच नाचायला लागले. ताई म्हणाल्या, "अगं, थांब! कायदा आहे तिथंच आहे. फक्त आता कात्री लावण्याआधी बघावं लागेल. तेही कमी नाही."

या वेळी फिल्म मंजूर झाली. ती लागायची त्या दुपारी ताईंनी मला कुर्ल्याला नेलं. शेवंता कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. पडद्यावर ती दिसली, आणि इतके महिने गप्प असलेली सासू ताडकन उठून गॅलरीत गेली. ताई तिच्यामागे दारापर्यंत धावल्या. तिथून तिनं हाळी दिली, "येवा गो सगळ्यांनी! माझी सून टीव्हीवर इली हा!"

दाराशी उभ्या कुमुदताईंनी पदरानं डोळे टिपले. म्हणाल्या, "केस आत्ता जिंकलो गं."