आतोबा आणि सरकारी पाळणाघर

मुलांचा एवढा कैवार घेणारा आणि मुलांना एवढा घाबरणारा माणूस आमच्या आतोबांखेरीज उभ्या पनवेलमध्ये दुसरा झाला नसेल. आतोबा म्हणजे माझ्या नवऱ्याच्या आत्याचे यजमान. मुंबईत प्राप्तिकर खात्यात हेडक्लार्क म्हणून तीस वर्षं काढून ते निवृत्त झाले आणि आमच्या शेजारच्या बैठ्या घरात राहायला आले, ते एक ठाम सिद्धांत घेऊनच. या देशात मूल वाढवणाऱ्याइतका भोळा करदाता दुसरा नाही, असा तो सिद्धांत. ‘बैल घ्या, कर्ज मिळतं. म्हैस घ्या, सवलत मिळते. मूल घ्या, नुसतं रडणं मिळतं!’ हे ते ओसरीत उभे राहून रस्त्याने जाणाऱ्यांना ऐकवत. स्वतः त्यांना मूलबाळ नव्हतं. एखाद्या बाईने कौतुकाने आपलं तान्हं त्यांच्यापुढे धरलं, तर ते दोन्ही हात पाठीमागे नेत आणि ‘छान आहे, छान आहे, कितवा महिना?’ असं विचारत दोन पावलं मागे सरकत.

अर्थसंकल्पाचा दिवस त्यांच्याकडे सोवळ्यात पाळला जाई. आत्याबाईंनी कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही, मोलकरणीने भांडी आपटायची नाहीत. आतोबा इस्त्रीचा सदरा घालून, मांडीवर वही घेऊन टीव्हीसमोर बसत आणि भाषण संपलं की चष्मा काढून म्हणत, ‘विड्या आल्या. टायर आले. शाम्पूसुद्धा आला. मूल आलं का? नाही आलं!’ जणू मूल सकाळी शाळेत गेलं होतं आणि अजून परतलं नव्हतं.

लग्नाकार्यात त्यांना नेणं म्हणजे जोखीम होती. नवरा-बायको मिळून संसार करतात, मग सरकारने कर आकारताना त्यांना एकत्र का धरू नये, हा त्यांचा दुसरा लाडका मुद्दा. एका लग्नात अक्षता टाकून झाल्या झाल्या त्यांनी नवऱ्या मुलाला बाजूला घेतलं आणि नर्स असलेल्या नवरीचा पगार विचारला. ‘सप्तपदी जोडीने चालणार ना? मग विवरणपत्रं वेगवेगळी का भरणार?’ एवढंच त्यांना म्हणायचं होतं. पण मुलीच्या वडिलांना वाटलं, वरपक्षाने आयत्या वेळी नवीन चौकशी काढली. पंगत अर्धा तास खोळंबली. पुढे आतोबांनी वर्तमानपत्राला एक पत्र लिहिलं. त्यात मूल हे देशाचं भांडवल आणि आईबाप ही यंत्रसामग्री असून, यंत्रं दरवर्षी झिजतात तसे आईबापही झिजतात, तेव्हा त्यांना घसारा मिळालाच पाहिजे, अशी मागणी होती. संपादकांनी ते विनोदाच्या सदरात छापलं.

मी हे सगळं हसून घेत होते. माझ्यावर वेळ आली तेव्हा मात्र हसू पळालं. नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी पनवेलमध्येच बँकेत कारकून होते, नवरा जवळच्या रसायनी गावातल्या कारखान्यात पाळीवर. आमची सई दोन वर्षांची. तिला सांभाळणाऱ्या बाई अचानक गावी निघून गेल्या. सासूबाईंचं पत्र आलं : ‘नोकरी सोडून दे. मुलीपेक्षा का बँक मोठी?’ माझी रजा संपत आली होती आणि मॅनेजर रोज विचारत होते, ‘मग काय ठरलं?’ आत्याबाईंना सांगावं, तर त्यांचे गुडघे दुखरे. आतोबांना सांगावं, तर ते सवलतीचा इतिहास सांगत.

त्याच सुमारास नगरपालिकेची निवडणूक आली आणि आमच्या प्रभागातल्या दोन उमेदवारांची तळ्याकाठी एकाच मांडवात सभा ठरली. पहिला उमेदवार म्हणाला, ‘मी गल्लीगल्लीत सरकारी पाळणाघर काढीन.’ दुसरा म्हणाला, ‘आई जिवंत असताना पाळणाघर कशाला? मी प्रत्येक गृहिणीला घरी बसण्याचं मानधन देईन.’ पैसा कुठून आणणार, असं कुणीतरी विचारलं. ‘वरून!’ दोघेही एका आवाजात म्हणाले. त्या संध्याकाळी त्यांचं एकमत झालं ते तेवढंच.

मग आतोबा उठले. सरकारने मुलामागे वजावट द्यावी, नोकरी करणाऱ्या आईला भत्ता द्यावा, घरी राहणाऱ्या आईचे कष्ट उत्पन्न म्हणून मोजावेत पण त्यावर कर लावू नये, अशा सात मागण्या त्यांनी वाचून दाखवल्या. नगरपालिकेला प्राप्तिकरातला एक स्वल्पविरामसुद्धा बदलता येत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? तरीही पहिल्या उमेदवाराने छातीवर हात ठेवून सांगितलं, ‘निवडून आलो की आठ दिवसांत करतो.’ दुसरा म्हणाला, ‘मी चार दिवसांत!’

टाळ्या चालू असतानाच मांडवाच्या कडेला भाजीची पाटी घेऊन बसलेली एक बाई उभी राहिली. बेलपाड्याहून रोज भाजी घेऊन येणारी, आमच्या आळीत सगळ्यांच्या ओळखीची. कडेवर तीन वर्षांची पोर, मंदा.

‘काका, तुमी बोललां ते समदं बरोबर हाय,’ ती म्हणाली. ‘पन माजी सासू वारली. नवरा रेतीच्या होडीवर जातो. पाटी डोईवर घेतली तं पोरीला कुटं ठेवू? तुमी किती पोरं सांबाळली?’

‘तसं प्रत्यक्षात… एकही नाही,’ आतोबा म्हणाले. ‘पण तत्त्वतः—’

मांडव असा हसला की पुढचं तत्त्व कुणाला ऐकूच आलं नाही. आतोबा कागदाची घडी करून खाली बसले. त्यांचे कान लाल झालेले मी पाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीवाली त्यांच्या ओसरीवर हजर. ‘सरकार देल तवा देल. आज तुमी घ्या.’ तिने मंदाला खाली उतरवलं आणि पाटी उचलून ती चालू लागलीसुद्धा. आतोबा हात पाठीमागे घेऊन उभे. मंदा त्यांच्याकडे बघतेय, ते मंदाकडे. शेवटी त्यांनी आत हाक मारली, ‘अहो, ऐकलंत का? एक अर्ज आला आहे.’

आत्याबाई गुडघे धरत बाहेर आल्या, पोरीला उचललं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘तुझीही आण गं. एक काय, दोन काय.’ त्यांच्या तोंडून इतकं ठाम वाक्य मी प्रथमच ऐकत होते. मी सईला त्यांच्या स्वाधीन केलं आणि बँकेत पळाले.

महिन्याभरात पाच मुलं झाली. आतोबांनी पाळणाघराचा कारभार खात्याच्या शिस्तीत चालवायचं ठरवलं. मुलांच्या आयांनी छापील अर्ज भरायचा, ‘रडण्याचे संभाव्य कारण’ हा रकाना सक्तीचा. भाजीवालीने तिथे अंगठा उठवला. दुपारी एक ते तीन झोपेची वेळ असल्याची सूचना त्यांनी भिंतीवर लावली. मंदाने ती खाली ओढून तिची होडी केली. त्यानंतर चौथ्या दिवशी मी दुपारी डोकावले, तर आतोबा स्वतः घोरत होते आणि पाचही मुलं त्यांच्याभोवती बसून त्यांना थोपटत होती. मुलांचं खिमट किती पातळ असावं, यावर ते आता अर्थसंकल्पापेक्षा जास्त वेळ बोलत. ‘सईने आज गाजर नाकारलं,’ ते मला संध्याकाळी गंभीरपणे कळवत. ‘कारण दिलं नाही.’

निवडणूक दुसऱ्या उमेदवाराने जिंकली, तोच मानधनवाला. पाळणाघराचं नाव होऊ लागलेलं पाहून तो एके दुपारी फोटोग्राफर आणि स्वतःच्या नावाची पाटी घेऊन ओसरीवर आला.

‘तुमचा तर पाळणाघराला विरोध होता,’ आतोबा म्हणाले.

‘विरोध सरकारी पाळणाघराला होता. हे तर घरगुती आहे. आमच्याच विचारांचं!’

तेवढ्यात पहिला उमेदवारही पोचला. पाळणाघराची कल्पना मुळात त्याची होती, असं त्याचं म्हणणं. ओसरीवर दोघांची अशी जुंपली की मुलं रडायला लागली. जो माणूस तान्ह्या बाळाला पाहून मागे सरकायचा, तो आता एका हाताने सईला आणि दुसऱ्या हाताने मंदाला कडेवर घेऊन पुढे झाला. ‘झोपेची वेळ झाली आहे,’ आतोबा म्हणाले. ‘आपण दोघेही बाहेर जाऊन भांडा.’ आणि दार लावून घेतलं. मी नोकरी सोडावी म्हणणाऱ्या सासूबाई तेव्हा आमच्याकडे आलेल्या होत्या. त्यांनी हे खिडकीतून पाहिलं. नोकरीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

चारेक वर्षं हे चाललं. मग पनवेल बदलू लागलं. नव्या वसाहतीत इंग्रजी नावांच्या, भिंतींवर ससे काढलेल्या शाळा निघाल्या आणि एकेक मूल तिकडे गेलं. सईही पहिलीत गेली. मागे उरली फक्त मंदा. शाळा सुटली की ती आईची वाट बघत आतोबांच्या ओसरीवर पाढे म्हणत बसे. तिच्या वडिलांना नव्या वसाहतीसाठी सरकारने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात भूखंड मिळाला, त्यावर दुकान उभं राहिलं आणि भाजीची पाटी सुटली. एका संध्याकाळी भाजीवाली नवं लुगडं नेसून, पेढे घेऊन रिक्षाने आली.

‘काका, आता म्या घरीच असतो. पोरीला मानूस हाय घरात,’ ती म्हणाली आणि दोघांच्या पाया पडली.

आतोबांनी मनापासून अभिनंदन केलं. दुकानाच्या उत्पन्नावर कर कसा लागेल, हेही त्यांनी तिला समजावलं. तिला त्यातलं काही कळलं नाही, पण ती मान डोलावत राहिली. मंदाने रिक्षातून वळून बराच वेळ हात हलवला.

रिक्षा वळणाआड गेली तरी आतोबा ओसरीत उभेच होते. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, ‘बघा, सरकारने वेळेवर पाळणाघर काढलं असतं, तर तुम्हाला म्हातारपणी एवढा त्रास झाला नसता.’

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला.

‘हो ना,’ ते हळूच म्हणाले. ‘पण मग माझ्याकडे एकही मूल आलं नसतं.’

आतून आत्याबाईंनी हाक मारली, ‘चहा निवतोय हो.’ ते वळले आणि त्या रिकाम्या ओसरीतही, कुणी पायाशी झोपलं असावं तसे, जपून पावलं टाकत आत गेले.