पाळणा उलटा केला तेव्हा

नोकरीतल्या पुष्कळ तपासांबद्दल मी चारचौघांत बोललो. हा एक मात्र वर्षानुवर्षं टाळला. तरी तो सोमवार अजून जसाच्या तसा डोळ्यांसमोर आहे.

परभणी जिल्ह्यात माझ्या ठाण्याच्या हद्दीत एक जुना राजवाडा होता, संग्रहालय झालेला. त्याचे प्रमुख त्याच गावचे, पण लहानपणीच शिकायला बाहेर गेलेले आणि नुकतेच बदलून आलेले. सोमवारी संग्रहालय बंद असताना ते सहज आत गेले, तर चांदीने मढवलेला राजघराण्यातला पाळणा जागेवर नाही. कुलूप शाबूत. ते धावत ठाण्यात आले.

तेवढ्यात खबऱ्याचा फोन आला. "सायेब, पाळणा वाड्याच्या चौकीदाराच्या घरी हाय. नातीचं बारसं हाय. घुगऱ्या वाटायल्यात."

पंच घेऊन गेलो. आत्या नाव सांगायला बाळाच्या कानाशी वाकली होती. मी तिला थांबवलं, मूल उचलायला लावलं. गुन्हा अजून नोंदवलाही नव्हता, तरी म्हाताऱ्या चौकीदाराचं मनगट धरून पाहुण्यांदेखत त्याला जीपमध्ये बसवलं, पाळणाही मागे ठेवला. निवृत्तीला थोडेच महिने उरलेला माणूस. चोरीचा शिक्का बसता तर पेन्शनही गेली असती.

ठाण्यात विचारपूस सुरू केली.

"चोरी करून कोन गावाला जेवायला बोलवतंय, सायेब? राजाच्या टायमापासून गावातल्या परत्येक घरचं पैलं लेकरू ह्याच पाळण्यात घालत्यात. सांजच्याला जागेवर ठेवतो आमी."

"पुरावा काय?"

"उलटा करून बघा की."

हवालदाराने पाळणा उलटा केला. तळाला हळदीकुंकवाची बोटं, एकावर एक, पिढ्यान्‌पिढ्यांची. प्रत्येक बारशाला एक. हवालदार त्याच गावचा; खाली बघत म्हणाला, "ह्यात माजं बी आसंल, सर."

एवढ्यात बारशाच्या बायका बाळाला घेऊन ठाण्यात शिरल्या. पुढे फिर्यादीची, म्हणजे त्या प्रमुखांची आई. लेकाला म्हणाली, "लय कायदा शिकलास की रे. तू बी ह्यातच मुतला होतास."

सगळं ठाणं हसलं, फिर्यादीही. चोरी नाही, असा जबाब त्यांनी लिहून दिला. मग ठाण्याच्या आवारात लिंबाखाली पाळणा मांडला. आत्याने नाव ठेवलं, शिपायांनीही बायकांबरोबर 'कुर्र' केलं, ओंजळी घुगऱ्यांनी भरल्या. आत्याने माझं बोट कुंकवात बुडवलं. "सायेबाचं बी एक लागू द्या." तळाला ते अजून आहे.

चौकीदारही हसत होता. पण हसताना मनगट चोळत होता.

माणसाला हात लावण्याआधी वस्तू उलटून बघावी, हे मी त्या दिवशी शिकलो. परवा तिकीट काढून संग्रहालयात गेलो. ती बारशाची पोर आता तिथे लोकांना माहिती सांगते. पोलीस ठाण्यातलं आपलं बारसं तिने रंगवून सांगितलं, लोक पोट धरून हसले. मनगटाचं तिला कुणी सांगितलेलं दिसत नाही. मी आजोबांची चौकशी केली. "गेले हो," ती म्हणाली.

त्यांच्या दारावरून मी कितीदा गेलो, त्यांनी चहाला हाक मारली, मी थांबलो नाही. बोलायचं एवढंच होतं: बाबा, विचारायच्या आधी तुमच्यावर हात टाकला, चुकलं माझं.